दीड फेऱ्याचा स्क्रू

गवत कापायच्या यंत्राला हात लावायची पाळी वेणीमाधव करकंबकरांवर यावी, हे यंत्राचं दुर्दैव की करकंबकरांचं, याबद्दल त्या गल्लीत अजून दोन मतं आहेत. करकंबकर हायस्कुलात मराठी शिकवत. आयुष्यात त्यांनी उघडून पाहिलेलं सर्वांत अवघड यंत्र म्हणजे फाउंटन पेन, आणि ते पुन्हा बसवल्यावर शाई पेनात कमी आणि सदऱ्याच्या खिशात जास्त राहिली होती.

पण अडला हरी झाला की माणूस काय करील सांगता येत नाही. करकंबकर नऊ वर्षं चनमल्लप्पा अण्णांच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. अण्णा चादरींचे व्यापारी. नऊ वर्षांत दोन्ही घरांत एकदाही वाजलं नव्हतं. सणाला तिकडे कडबू झाले की ताट मागच्या दारी यायचं, इकडे पुरणपोळी झाली की पुढच्या दारी जायची. आणि यंदा श्रावणात, भांडण नाही, तंटा नाही, अण्णा नळापाशी थांबले आणि म्हणाले, "मास्तर, दिवाळीपतुर दुसरी जागा बघा की." तोंडातलं दंतमंजन थुंकून मास्तरांनी "का हो अण्णा?" विचारेपर्यंत अण्णा फाटकाबाहेर गेले होते.

मास्तरांच्या पत्नी शकुंतलाबाई, त्यांची त्या दिवसापासून झोप उडाली. शाळा सात मिनिटांवर, पाणी दारात आणि मालक भला, अशी जागा सोलापुरात पुन्हा कुठली मिळायला. भाडेकरूला असं उठवता येत नाही हे करकंबकरांना माहीत होतं. सहकारी शिक्षकांनी कायद्याची कलमंसुद्धा सांगितली. पण ज्याच्या घरचे कडबू नऊ वर्षं खाल्ले त्याला कोर्टात कसं खेचावं, याचं कलम कोणालाच सांगता आलं नाही.

भाद्रपदात अण्णा आणि त्यांच्या पत्नी पार्वतम्मा लेकीच्या बाळाच्या बारशाला आठ दिवस हुबळीला निघाले. टांग्यात बसता बसता पार्वतम्मा म्हणाल्या, "मास्तर, माझ्या शेवंतीला पाणी घाला बरं का." अण्णांनी एकदा हिरवळीकडे पाहिलं आणि मान फिरवली. यंदा पाऊस बरा झाल्यामुळे तिथे गुडघाभर गवत माजलं होतं. अण्णांचा मुलगा शिवयोगी विलायतेत इंजिनीयर. त्यानंच दोन वर्षांपूर्वी बोटीनं गवत कापायचं पेट्रोलचं यंत्र धाडलं होतं, आणि आता दसऱ्याला तो स्वतः येणार होता.

टांगा वळला आणि करकंबकरांच्या डोक्यात उजेड पडला. अण्णांना व्यापातून सवड नाही, म्हणून गवत वाढलं आहे. आपण ते कापून ठेवायचं. अण्णा परत येतील, हिरवळ बघतील, विरघळतील. "मास्तर, कुटं जाताय हे घर सोडून?" असं ते म्हणतील, इथपर्यंत करकंबकरांनी त्यांचा संवादही मनात लिहून काढला.

"तुम्ही त्याला हात लावू नका," शकुंतलाबाई म्हणाल्या. घरात शहाणपणाची गोष्ट नेहमी एकदाच आणि हळू आवाजात सांगितली जाते, म्हणून ती ऐकू येत नाही.

रविवारी सकाळी करकंबकरांनी व्हरांड्यातल्या यंत्रावरचं गोणपाट काढलं. यंत्र हिरव्या रंगाचं, पुढे पात्यांचं पिंप, मागे रूळ, वर दोन हातांत धरायची मूठ. दोरी ओढली की सुरू व्हायचं. बाराव्या ओढीला ते सुरू झालं. करकंबकरांचा हर्ष मावेना. त्यांनी ते जोर लावून ढकलत दोन पट्टे कापले, आणि यंत्र खोकलं, अडखळलं आणि गप्प झालं. पुन्हा ओढलं, तर नुसती फुसफुस. पुष्कळ वेळानं, पेट्रोल आहे का ते बघायला झाकण उघडून पुन्हा लावलं, तेव्हा सुरू झालं, आणि दोन मिनिटांनी पुन्हा गप्प. घर वाचवायला निघालो आणि मालकाचं विलायती यंत्रच मोडून बसलो, हे करकंबकरांना कळून चुकलं.

"मिक्श्चर," कंपाउंडच्या भिंतीवरून आवाज आला. शेजारचे गंगाधरपंत तिथे हनुवटी टेकून उभे होते. पंत रेल्वेतले निवृत्त गार्ड. तीस वर्षं त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्यातून, म्हणजे इंजिनापासून जास्तीत जास्त लांब राहून प्रवास केला होता, त्यामुळे इंजिनाबद्दल त्यांची मतं फार ठाम होती. "हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण चुकलंय. कार्बुरेटरचा स्क्रू फिरवा."

कोणता स्क्रू, किती फिरवायचा, कोणीकडे, हे पंतांनी सांगितलं नाही. गार्डाचं काम निशाण दाखवण्याचं असतं.

यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक गोणपाटाखाली सापडलं. करकंबकरांनी आधी त्याचं मराठी केलं, कारण समजून घेण्याची त्यांना तेवढी एकच रीत ठाऊक होती. 'सदर स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलकेच टेकेपर्यंत आत न्यावा व तदनंतर दीड फेरा मागे घ्यावा.' वाक्य सरळ होतं. पण हलकेच म्हणजे किती? आणि स्क्रू कार्बुरेटरच्या खालच्या अंगाला होता, त्यासाठी करकंबकरांना गवतात उताणं झोपावं लागलं. आता घड्याळ वरून बघायचं की खालून? पंत म्हणाले, उताण्या माणसाचं घड्याळ उलटं चालतं. करकंबकर म्हणाले, घड्याळाला माणसाच्या झोपण्याशी कर्तव्य नाही. पंतांनी खिशातलं घड्याळ काढून भिंतीवरून खाली धरून दाखवलं. या चर्चेत स्क्रू आत गेला की बाहेर आला, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

मग फेरे मोजणं आलं. करकंबकर एक आणि पाव इथवर आले तेव्हा पोस्टमननं फाटकातून विचारलं, "मास्तर, पडलात का?" त्याला उत्तर देईपर्यंत पाव की पाऊण याचा घोळ झाला. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी पंत मोठ्यानं मोजू लागले, पण ते अर्ध्या फेऱ्याला एक धरत होते, हे तीन झाल्यावर उघडकीस आलं. दुपारपर्यंत यंत्रातून काळा धूर निघाला, प्लग ओला झाला आणि पेट्रोल संपलं. पूर्वी दोन मिनिटं तरी चालायचं, आता तेही बंद झालं.

पेट्रोलसाठी करकंबकर पत्र्याचा डबा घेऊन पंपावर गेले. साल टंचाईचं होतं. पंपावरचा माणूस म्हणाला, "सुट्टं डब्यात मिळणार नाही. कचेरीतून चिठ्ठी आणा." कचेरीतल्या कारकुनानं अर्जाचा कागद पुढे केला. पहिलाच रकाना वाहनाच्या क्रमांकाचा.

"याला क्रमांक नाही," करकंबकर म्हणाले.

"मग हे वाहन नाही."

"नाहीच."

"वाहन नाही तर पेट्रोल कोण पिणार?"

करकंबकरांनी यंत्राचं वर्णन केलं. पुढे पाती, बाजूला चाकं, मागे रूळ. रूळ म्हटल्याबरोबर कारकुनाचा चेहरा उजळला. रूळ असेल तर प्रकरण रस्ते बांधणाऱ्या खात्याकडे जातं, असं त्यानं आनंदानं सांगितलं. तिथे गेल्यावर करकंबकरांना विचारण्यात आलं की तुमचा रूळ किती टनी आहे. साडेतीन किलो असेल, म्हटल्यावर तिथल्या साहेबानं त्यांना परत पहिल्या कचेरीत पाठवलं. यात सोमवार आणि मंगळवार गेले. बुधवारी करकंबकरांनी शुद्ध मराठीत दोन पानी विनंतीअर्ज लिहिला. त्यात यंत्राला 'तृणकर्तन यंत्र' आणि कार्बुरेटरला 'इंधनवायुमिश्रक' म्हटलं होतं. वरच्या साहेबाला त्यातलं काही समजलं नाही, आणि न समजलेला कागद टेबलावर ठेवणं धोक्याचं म्हणून त्यानं लगेच सही केली. मातृभाषेचा असा उपयोग करकंबकरांनी वर्गात कधी शिकवला नव्हता.

गुरुवारी डबा भरून आला, पण स्क्रूचे फेरे आता देवालाही सांगता आले नसते. अण्णा शनिवारी येणार. तेव्हा शुक्रवारी सकाळी, सगळा अभिमान गुंडाळून ठेवून, करकंबकरांनी बाजारातून तिप्पण्णाला बोलावून आणलं.

तिप्पण्णा मूळचा दुधनीचा. शेतातली तेलाची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि काम रंगात आलं की दोन्हींतलं जे तोंडाशी येईल ते. त्यानं यंत्राभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "इंजान हाय का इंजनाचं पिल्लू हाय हे?" पुस्तक त्यानं बाजूला सारलं. स्क्रू कानानं लावायचा असतो, असं त्याचं म्हणणं. तो धुराच्या नळीपाशी उकिडवा बसला, डोळे मिटले, आणि पेचकस करकंबकरांच्या हातात दिला.

"मी सांगतो तसं करा, मास्तर. वाईच वाईच."

यंत्र सुरू झालं. एक हात मुठीवर, दुसरा खालून चाचपत स्क्रूवर, अशा अवस्थेत करकंबकर वाकून उभे राहिले. तिप्पण्णा ऐकत होता. मग म्हणाला, "बिगी."

आता, कन्नडमध्ये बिगी म्हणजे घट्ट. स्क्रू आवळा, एवढंच तिप्पण्णाला सांगायचं होतं. पण बिगीबिगी म्हणजे भरभर, हे मराठी मुलखात शेंबड्या पोराला ठाऊक, आणि करकंबकर तर मराठीचे शिक्षक. शब्दाच्या अर्थाबद्दल आपण कोणाला विचारावं, हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. मुठीवर एक खटका होता. त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. करकंबकरांनी पेचकस सोडला आणि खटका सशाकडे ढकलला.

यंत्र किंचाळलं. तिप्पण्णाच्या कपाळाला आठी पडली. स्क्रू सैल झाला असं समजून तो ओरडला, "बिगी, बिगी की!"

करकंबकरांनी खटका टोकापर्यंत लोटला, आणि माणसाची इतकी घाई दिसतेय म्हणून शेजारचा दुसरा खटकाही ओढला. तो कशाचा होता हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तो यंत्र आपलं आपण पुढे चालवायचा होता.

यंत्र निघालं. करकंबकर मुठीला लोंबकळत मागून धावू लागले. त्यांनी धरून ठेवलं होतं ते शौर्य म्हणून नव्हे, सोडायचं सुचलं नाही म्हणून. पार्वतम्मांच्या शेवंतीचा पहिला वाफा गेला, दुसरा गेला, आणि समोर बागेच्या पाण्याचा जमिनीलगतचा हौद आला. यंत्र वळसा घेऊन परत आलं होतं आणि वाटेत तिप्पण्णा तसाच डोळे मिटून बसला होता. त्यानं नुसती मूठ धरली असती तरी भागलं असतं.

"हौद, हौद!" करकंबकर ओरडले.

कन्नडमध्ये हौदु म्हणजे हो. तिप्पण्णानं डोळे उघडले. मास्तर धावताहेत, यंत्र पळतंय आणि मास्तर हो हो म्हणताहेत. म्हणजे मनासारखं काम झालेलं दिसतंय. त्यानं समाधानानं हात वर केला, "हौदु, हौदु" म्हणाला आणि वाट द्यायला बाजूला सरकला.

शेवटच्या क्षणी करकंबकरांनी मूठ सोडली. ते काठावरच्या चिखलात बसले, यंत्र गुडघाभर पाण्यात उतरलं, आणि चष्मा यंत्राच्या मागोमाग गेला. भिंतीवरून गंगाधरपंतांनी सवयीनं घड्याळ पाहिलं. "दहा बावीस," ते म्हणाले.

करकंबकरांना खरोखर रडू आलं. शेवंती गेली, यंत्र गेलं, आणि आता दिवाळीची वाट बघायचंही कारण नाही. उद्या अण्णा येतील आणि उद्याच बाहेर काढतील, आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. चिखलात बसून ते एवढंच पुटपुटत राहिले, "मी भरभर समजलो. मी भरभर समजलो."

तिप्पण्णाला उलगडा झाला तेव्हा तो आधी पोट धरून हसला आणि मग त्यांचा चेहरा बघून त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "रडू नका मास्तर. पाण्यात पडलं म्हंजे मेलं न्हाय. शेतात लई इंजानं हिरीतनं काढलीत मी."

शकुंतलाबाई सोलाचा जाड दोर घेऊन आल्या. पंत भिंतीवरून उतरून इकडे आले, पहिल्यांदाच. चौघांनी मिळून यंत्र वर ओढलं. तिप्पण्णानं ते गोणपाटावर सुटं केलं, टाकी रिकामी केली, कार्बुरेटर उघडून भाग अन् भाग फुंकून उन्हात मांडला. शकुंतलाबाईंना नुसतं उभं राहवेना. टाकीचं पितळी झाकण बरंच काळवंडलं होतं, ते त्यांनी चिंच लावून घासायला नेलं.

तीन वाजता सगळं पुन्हा जोडलं गेलं. स्क्रू तिप्पण्णानं स्वतः लावला. हलकेच टेकवला आणि मागे घेतला. करकंबकरांनी चष्म्यावाचून, त्याच्या मनगटावर हात ठेवून मोजलं. दीड फेरा. पुस्तकाचा विजय झाला, पण तो बोलून दाखवण्याची त्यांची ताकद उरली नव्हती.

दोरी ओढली. यंत्र सुरू झालं. दोन मिनिटं झाली. करकंबकरांनी डोळे मिटून घेतले. तीन झाली. पाच झाली. यंत्र चालतच राहिलं.

"स्क्रू," पंत म्हणाले. "मी रविवारीच सांगितलं होतं."

"स्क्रू कसला," शकुंतलाबाई म्हणाल्या. "त्या झाकणाला बारीक भोक आहे. ते विभूतीनं गच्च बुजलं होतं, वर हळदकुंकू. मी स्टोव्हची पिन मारली."

तिप्पण्णानं कपाळावर हात मारला. भोक बुजलं की टाकीत हवा जात नाही, आणि हवा गेली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही. दोन मिनिटांपुरतं उतरतं आणि थांबतं. झाकण उघडलं की पुन्हा तेवढंच. कार्बुरेटरचा बिचाऱ्याचा काही गुन्हाच नव्हता. गेल्या खंडेनवमीला अण्णांनी दुकानातल्या कात्र्या, गज आणि तराजूबरोबर या यंत्राचीही पूजा केली होती आणि त्याचं डोकं म्हणून झाकणावर विभूतीचे तीन पट्टे चांगले जाड ओढले होते.

आणि नेमका त्याच वेळी फाटकाशी टांगा थांबला. अण्णा एक दिवस आधी आले होते.

पार्वतम्मा शेवंतीकडे बघत राहिल्या. अण्णा शेवंतीकडे बघेनात, चिखलानं माखलेल्या मास्तरांकडेही बघेनात. ते यंत्राकडे बघत होते. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि पाहतच राहिले. बऱ्याच वेळानं ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

"थांबंना की हे," ते म्हणाले.

करकंबकरांनी सगळं सांगून टाकलं. रविवार, स्क्रू, बिगी, हौद. फक्त झाकणाशी आल्यावर त्यांची जीभ अडखळली. देवाच्या अंगाऱ्यानं यंत्र बंद पडलं, हे मालकाला कोणत्या तोंडानं सांगावं? तेव्हा तिप्पण्णाच पुढे झाला. स्वतःच्या कपाळावरच्या विभूतीला हात लावून म्हणाला, "देवाचं कायबी चुकलं न्हाय, अण्णा. विलायतवाल्यानं भोक चुकीच्या जागी ठेवलंय."

अण्णांनी मोठा श्वास सोडला. "म्हंजे मी मोडलं न्हाय?"

"तुम्ही?" करकंबकर म्हणाले.

"गेल्या दसऱ्यापास्नं दोन मिनटाच्या वर चालंना. मीबी तो स्क्रू फिरवला की, मास्तर. एकदा आत, एकदा भाईर. पोराचं दर पत्रात एकच, यंत्र कसं चालतंय. लई छान, म्हणून कळवतोय मी. आन तुमी..." अण्णांनी मागच्या खोल्यांच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "मी रोज सकाळी चोरून दोरी ओढतोय, आन तुमी खिडकीत उभं, गालाला फेस लावून, माझ्याकडंच बघत. बंद पडलं की मान हालवायचा. इंजिनीयरचा बाप, आन असा फजीत. बघणारं तरी कुणी नको म्हटलं दारात."

करकंबकर पायरीवर अण्णांच्या शेजारीच बसले.

"अण्णा, तिथे माझा आरसा टांगलेला आहे. मी दाढी करत असतो. चष्मा काढला की मला माझी मिशी दिसत नाही, तुम्ही कुठले दिसायला? आवाज ऐकायचो, पण वाटायचं, सवड नाही म्हणून दोन मिनिटं कापून तुम्ही दुकानाला निघता."

"आन मान?"

"दुसरा गाल करायला फिरवायचो."

यंत्र अजून फडफडत होतं, ते बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. "म्हंजे तुमी कधी बघितलंच न्हाय," अण्णा हळूच म्हणाले. नळापाशी जे बोलले होते, त्याबद्दल त्यांनी माफी मागितली नाही, मोठी माणसं मागत नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "दुसरी जागा बघितली का हो कुटं?"

"नाही."

"बघू नका," अण्णा म्हणाले. पार्वतम्मांनी एव्हाना शेवंतीचा एक खुंट उचलून पाहिला होता. लई वाढली होती, छाटायचीच होती, असं त्या कोणाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलल्या आणि आत गेल्या.

करकंबकर मागच्या दारानं घरात आले. त्या आठवड्यात शकुंतलाबाईंनी अर्धं स्वयंपाकघर पोत्यांत भरून ठेवलं होतं, हे त्यांना आत्ता, चष्म्यावाचूनही, दिसलं. बाईंना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी एका पोत्याचं तोंड सोडलं आणि पाटावरवंटा ओढायला लागल्या. करकंबकरांनी दुसरी बाजू धरली. दोघांनी तो जड दगड खिडकीखालच्या त्याच्या जागी नेऊन ठेवला, आणि शकुंतलाबाई त्याच्यासमोर जमिनीवर बसून पदरानं डोळे पुसू लागल्या. करकंबकरही शेजारी बसले, चिखलाच्या धोतरासकट.

"उठा, अंघोळ करा," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "मी चटणी वाटते. पाच दिवस नुसतं तिखटमीठ खातोय आपण."

अंघोळीचं पाणी तापेपर्यंत वाटणाचा आवाज सुरू झाला, आणि करकंबकर तो ऐकत न्हाणीच्या दारात उगाचच उभे राहिले.